दोन धैवत आणि एक ओरखडा

मंडळी, विषय रेडिओहेड हा इंग्लंडचा रॉक बँड आणि समोर पेटी, हे जरा विचित्र वाटेल. पण ऐका. पांढरी पाचला सा धरतो. सा, ग, प एकत्र. आता ग, कोमल धैवत, नी. मग म, शुद्ध धैवत, वरचा सा. आणि पुन्हा तेच, फक्त धैवत परत कोमल. बस्स. त्यांचं 'क्रीप' हे अख्खं गाणं या चार कॉर्डांवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या चार जुळण्यांवर फिरतं. कडवं, ध्रुवपद, सगळं.

आता बाकीचे सूर सोडा, आतला एकच धागा पकडा. पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत, आणि परत पंचम. आपल्याला दोन निषाद, दोन मध्यम कानाच्या ओळखीचे आहेत. पण दोन धैवत असे लागून आले की कान सावध होतो. गाणं आहे ते स्वतःला कुठेच न शोभणारा समजणाऱ्या माणसाचं. दोन पायऱ्या चढून जायचं आणि दार न वाजवताच खाली यायचं, असं त्या सुरांचं चालणं आहे. मला हे पेटीवर सापडलं त्या रात्री मी तासभर तेवढंच वाजवत बसलो होतो.

हे गाणं ज्यात आहे तो 'पाब्लो हनी' म्हणजे रेडिओहेडचा पहिला अल्बम, फेब्रुवारी 1993चा. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये एकाच शाळेत शिकलेली ही पाच मुलं. शाळेत शुक्रवारी तालीम करायची, म्हणून बँडचं नाव 'ऑन अ फ्रायडे'. 1991मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, मग नाव बदललं.

रेकॉर्डिंगचा किस्सा मात्र सावकाश सांगतो. 1992 साल. पॉल कोल्डरी आणि शॉन स्लेड हे दोन अमेरिकन निर्माते वेगळीच दोन गाणी करून घ्यायला आले होते आणि ती काही केल्या जमत नव्हती. तालमीत बँडनं सहज 'क्रीप' वाजवलं. गायक थॉम यॉर्क म्हणाला, हे आमचं स्कॉट वॉकर गाणं. म्हणजे त्या गायकाच्या वळणाचं, असं त्याला म्हणायचं होतं. निर्मात्यांना वाटलं, गाणं खरंच वॉकरचं आहे, दुसऱ्याचं गाणं आपल्याला काय उपयोगाचं! पुढे गाडं अडलं, तेव्हा मुलांचा हात मोकळा व्हावा म्हणून तेच वाजवायला सांगितलं. ते संपलं आणि स्टुडिओतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड याला मात्र हे गाणं फार गुळमुळीत वाटत होतं. म्हणून त्यानं काय केलं? ध्रुवपदाच्या अगदी तोंडाशी, डाव्या हाताचा दाब सैल सोडून तारांवर जोरात प्रहार केले. दाब नसल्यामुळे सूर उमटत नाही, नुसता खरखरीत ओरखडा उमटतो. गाणं बिघडवायचं म्हणून केलेली ही गोष्ट, आणि आज लोक त्याच ओरखड्यावरून गाणं ओळखतात. माझ्या मते हा बँड त्या दोन-तीन प्रहारांत जन्मला. एकाला सुंदर करायचंय, दुसऱ्याला ते सौंदर्य सोसत नाही, आणि दोघंही खरे आहेत.

गाणं आलं तेव्हा ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 78व्या क्रमांकापर्यंतच पोचलं. बीबीसी रेडिओ वनला ते फार निराशाजनक वाटलं. ते आधी गाजलं इस्रायलमध्ये, मग अमेरिकेत, आणि 1993मध्ये पुन्हा काढल्यावर घरी सातव्या क्रमांकावर. याच कॉर्ड 'द एअर दॅट आय ब्रीद' या जुन्या गाण्यात आहेत, म्हणून त्याच्या दोन्ही गीतकारांची नावंही श्रेयात आली. ते योग्यच झालं.

बाकीचा अल्बम? बारा गाणी, आणि निम्म्यांत त्या काळच्या अमेरिकी गिटारांची सावली स्पष्ट दिसते. ती मी फार ऐकत नाही. पण शेवटचं 'ब्लो आउट' जरूर ऐका. ते सुरू होतं हलक्या, डुलत्या ठेक्यावर आणि हळूहळू गिटारांच्या वावटळीत सापडतं. पुढचा रेडिओहेड मला तिथे आधी ऐकू येतो.

'क्रीप'चं ओझं मात्र त्यांना झालं. पुढे 1994मध्ये त्याच गाण्याबद्दल त्यांनी 'माय आयर्न लंग' लिहिलं. आयर्न लंग म्हणजे रुग्णाचा श्वास चालू ठेवणारं ते लोखंडी यंत्र असायचं ना, ते. जगवतंही आणि जखडूनही ठेवतं.

आता रेकॉर्ड लावतो. पहिलं मिनिटभर सगळं शांत चालेल. पेटी मी बंद करतोय, तुम्ही मनात धैवत धरून ठेवा. तो कोमल होऊन उतरायला लागला, की जॉनीचा हात येईल.