आत्या, सोम तम आणि बँकॉकचं ऊन

नमस्कार मंडळी! आज बँकॉक. ऊन आधी सांगते, कारण एप्रिलमध्ये तिथं गरम तर असतंच पण दमटही इतकं की घाम वाळतच नाही. म्हणून सकाळी देवळं, दुपारी सावली, संध्याकाळी खाणं, हा क्रम सोडू नका.

राजवाडा साडेआठला उघडतो, तेव्हाच आत जा. खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले, नाहीतर आत सोडत नाहीत. १७८२ मध्ये पहिल्या रामा राजाने बांधायला घेतलेला वाडा, आणि आतल्या देवळाच्या ओवरीत भिंतभर रामायण, १७८ चित्रं, त्यातला हनुमान पांढराशुभ्र. लोक सोनेरी कळसासमोर सेल्फी काढतात आणि ही भिंत न बघता निघून जातात, मला फार वाईट वाटतं. जवळच वाट फो नावाच्या देवळात ४६ मीटर लांब आडवा बुद्ध आहे, त्याचे तळवे जरूर बघा, शिंपल्यांचं काम आहे.

तर आता आत्याचं सांगते. माझी आत्या शाकाहारी, आणि आम्ही होडीतून नदीपलीकडे वांग लांगच्या बाजारात गेलो, तिथं एक बाई सोम तम करत होती, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीरच म्हणा ना. पपई हातात धरून सुरीने वरून खचाखच वार करायचे आणि मग पातळ काप काढायचे, की बारीक बारीक सळया पडतात. मातीचा उभा खल, लाकडी बत्ता, त्यात लसूण, मिरची, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, ताडाचा गूळ, लिंबू, शेंगदाणे. आत्या तर खिळूनच उभी! पण त्यात माशाचा सॉस आणि सुकी कोळंबी पण असते, म्हणून मी पाठ केलेलं म्हटलं, "माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग". लक्षात ठेवा हं, माय साय नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस घालू नका. बाईंनी काही न बोलता खल धुतला, नुसतं मीठ घातलं, आणि बत्ता हळू चालवत राहिल्या, कारण पपई ठेचायची नसते, चव मुरेपर्यंत दबकत कुटायची असते. (आपल्याकडे मिक्सर आला आणि खलबत्ता माळ्यावर गेला, चटणीचं पार पीठ झालं, हे मी कुठेही बोलेन.)

आत्याने एक घास खाल्ला आणि पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली, सोलापुरी, लाल, आणि बाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी चाखली, डोळे मोठे केले, चमचाभर थेट खलात टाकली, परत कुटलं, आणि शेजारच्या मासे भाजणाऱ्याला हाक मारून घास दिला, मग रांगेतल्या दोन कॉलेजच्या पोरींना. आत्या मराठीत सांगतेय लसूण किती, त्या थाईमध्ये काहीतरी विचारतायत, आणि दोघींचं बरोब्बर जुळतंय! शेवटी डबी तिथंच राहिली आणि त्यांनी आमच्या ताटलीचे पैसेच घेतले नाहीत.

बाकी मॉल सोडा, ते सगळीकडे सारखेच. संध्याकाळी चायनाटाऊनला, म्हणजे याओवारात भागात जा, आणि मांस नको असेल तर लाल अक्षराचा पिवळा झेंडा शोधा, तिथं लसूण-कांदाही नसतो. आंब्याचे दिवस असतील तर नारळाच्या दुधातला चिकट भात आणि पिकला आंबा मात्र खाऊनच या, खाओ निआव मामुआंग म्हणून मागा.