पाणी समान होईस्तोवर

मंडळी, नागपुरात उभं राहून बोटीवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आपली हौस अंबाझरीच्या पेडलबोटीत भागते. माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यामुळे पाणी अडवायचं आणि सोडायचं, एवढंच मला ठाऊक. मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना आम्ही आठवडाभर भाड्याची कालव्यातली बोट घेतली, तेव्हा पाण्यासाठी थांबायचं कसं तेही शिकलो.

ही बोट जेमतेम ७ फूट रुंद आणि आमची तर ६० फूट लांब. वेगमर्यादा ताशी ४ मैल. काठावरून कुत्रं फिरवणारी आजी आरामात पुढे निघून जाते.

पण निघायच्या आधीचा अर्धा तास महत्त्वाचा. इंजिनचं तेल बघायचं, प्यायच्या पाण्याची टाकी भरायची, दोर नीट वेटोळे करून ठेवायचे. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटीच्या बुडातून बाहेर जातो तिथे ग्रीस दाबायचं, नाहीतर पाणी आत झिरपतं. पंख्याच्या वर एक झाकण असतं. इंजिन बंद, किल्ली खिशात, मग त्यातून हात घालून अडकलेलं गवत, पिशव्या, चिंध्या काढायच्या. ते झाकण परत घट्ट बसवायला विसरलात, तर पंखाच पाणी आत उडवतो आणि बोट बुडू शकते. लॉकमधल्या पाण्याच्या झडपा फिरवायची हँडलं दोन घ्या. एक कालव्यात पडतंच!

आता लॉक. कालव्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर बोट चढवणारी-उतरवणारी, दोन्ही टोकांना दारं असलेली पाण्याची खोली. खालची दारं नमस्काराच्या हातांसारखी, वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात. पाणीच त्यांना दाबून धरतं. पातळीत २ मीटर फरक असेल तर ७ फुटी रुंदीवर ४ टनांहून जास्त रेटा येतो. चार बोटांचा फरक उरला तरी दार हटत नाही. गोसीखुर्दची ३३ दारं यंत्रांनी उचलताना पाहिलेला मी, इथे लाकडी दांड्याला पाठ लावून मुकाट उभा होतो. झडप उघडायची आणि वाट बघायची. पाणी समान झालं की तेच दार पाठीनं ढकललं जातं.

एका खेपेला साधारण लाखभर लिटर पाणी खाली जातं, म्हणजे आपले दहा मोठे टँकर. १९१४ साली सुरू झालेल्या पनामा कालव्यातही हेच तत्त्व. जहाज २६ मीटर चढतं, पण पाणी भरायला पंप लागत नाही, वरच्या 'गातून' नावाच्या तलावाचं पाणी उतारानं येतं. म्हणूनच २०२३ मध्ये पाऊस कमी पडल्यावर तिथे रोजची जहाजं कमी करावी लागली. पाटबंधारेवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

चढताना मला फारसं भय वाटलं नाही. उतरताना मात्र वरच्या दारापाशी पाण्याखाली एक दगडी उंबरठा असतो. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, बोटीचा मागचा भाग तिच्या पुढे ठेवायचा. मी सुकाणूवर होतो आणि फोटो काढत बसलो. बोट हळूच मागे सरकली, पाणी उतरत गेलं आणि मागची बाजू उंबरठ्यावर टेकली. पुढचं टोक खाली जायला लागलं, स्वयंपाकघरातल्या बशा घसरल्या. मुलगी काठावरून ओरडली, "बाबा, मागे बघा!" तिनं धावत खालच्या झडपा बंद केल्या, जावयानं वरच्या उघडल्या. पाणी परत चढलं, बोट अलगद सुटली.

पुढचं लॉक अर्ध्या मैलावर होतं. तिथे मुलीनं सुकाणू स्वतःकडे घेतलं आणि माझ्या हातात हँडल दिलं.