डिस्चार्जनंतरचं पत्र

श्रोतेहो, नमस्कार.

१० सप्टेंबर हा दिवस २००३ पासून जगभर आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. या निमित्ताने मानसोपचारतज्ज्ञांची भाषणं तुम्ही ऐकली असतील. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करते. सर्दी-खोकला, बीपी, शुगर, लहान मुलांचे ताप. आज मला बोलायचंय ते अशा साध्या दवाखान्यांबद्दलच. कारण जीव नकोसा झालेला माणूस बहुतेक वेळा आधी आमच्याकडेच येतो.

हे मी अंदाजाने सांगत नाही. प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांत झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. आत्महत्येने गेलेल्यांपैकी साधारण ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्याभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. त्याच महिन्यात मानसिक आजारांच्या तज्ज्ञाकडे गेलेले होते फक्त पाचातले एक. पुन्हा सांगते. तज्ज्ञाकडे पाचातला एक, आणि साध्या डॉक्टरकडे जवळजवळ निम्मे. आपल्या देशात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. यातले कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या बाकावर नंबर लावून बसले असतील.

पण तिथे ते काय सांगतात? 'मला जगायचं नाही' असं कुणी सांगत नाही. अंग मोडून येतंय, पोटात आग पडते, जेवण जात नाही, पहाटे तीनला टक्क जाग येते ती येतेच. केसपेपरवर 'ॲसिडिटी' लिहिलं जातं, गोळ्या दिल्या जातात, पुढचा नंबर आत येतो.

म्हणून पहिली गोष्ट, विचारायचं. स्पष्ट विचारायचं. अनेकांना भीती वाटते, डॉक्टरांनासुद्धा, की विचारलं तर नसता विचार डोक्यात भरेल. तसं होत नाही. यावर अभ्यास झालेले आहेत. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

मी आधी सोबतच्या माणसाला बाहेर बसवते. 'तुम्ही जरा बाहेर थांबा, मला तपासायचंय.' नवरा, सासूबाई, मुलगा, कुणीही असो. पेशंटऐवजी नातेवाईकच उत्तरं देत असतील तर खरं उत्तर कधी मिळत नाही. मग बीपी बघून झालं की दंडाचा पट्टा सोडता सोडता बोलायला लागते. झोप कशी आहे? घरी कसं चाललंय? कशात मन लागतं का? आणि मग सरळ, 'कधी असं वाटतं का, की नको हे जगणं?' मान हलली, की पुढचा प्रश्न. 'स्वतःला संपवावं असं मनात येतं का?' आणि त्याच्याही पुढचा, 'काही ठरवलंय का?' इथे हो म्हणणाऱ्या माणसाला एकटं घरी पाठवायचं नाही. त्याच्या विश्वासातल्या माणसाला आत बोलवायचं आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी बोलून पुढची सोय लावायची.

पट्टा सुटेपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात काही बायका रडायला लागतात. त्यांना रडू द्यावं. बाहेरची गर्दी पाच मिनिटं थांबते.

आणि एक सांगते, विषयाला थोडं सोडून आहे. दवाखान्याच्या बाकांसमोरचा टीव्ही बंद करा. मोठ्या आवाजात बातम्यांची भांडणं चालू असतात, पडद्याखालून कुणी कुणाला मारलं याच्या पट्ट्या धावत असतात, आणि समोर बसलेत आजारी माणसं. मी आमचा टीव्ही काढून टाकला. आता लोक एकमेकांशी बोलतात. कुठल्या बाई गप्प बसून आहेत, हे आमच्या कंपाउंडरच्या लक्षात येतं, आणि तो मला येऊन सांगतो.

असो. आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी खरं तर आज इथे आले. भेटेल त्याला मी ती सांगत असते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेरोम मोटो नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. परदेशी रवाना होण्याआधी त्यांची एका तरुणीशी ओळख झाली होती. फार मोठी ओळख नव्हती. पण ती त्यांना तिकडे पत्रं लिहीत राहिली. इकडचं तिकडचं, साधंच. उत्तर आलंच पाहिजे असा हट्ट नव्हता, कसली वचनं नव्हती. घरापासून हजारो मैलांवर, युद्धाच्या धामधुमीत, आपली कुणालातरी आठवण आहे एवढं त्या पत्रांतून त्यांना कळायचं. ते त्यांच्या मनात राहून गेलं.

युद्ध संपलं, ते डॉक्टर झाले, आणि त्यांच्यासमोर रोजचा एक प्रश्न उभा राहिला. नैराश्याने किंवा आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात दाखल झालेली माणसं घरी जातात, आणि त्यातले बरेच जण पुन्हा उपचाराला फिरकतच नाहीत. बोलावलं तरी येत नाहीत. अशांसाठी काय करायचं? जो येतच नाही, त्याच्यावर उपचार कसा करायचा?

१९६९ साली त्यांनी एक प्रयोग सुरू केला. शहरातल्या नऊ रुग्णालयांतून असे तीन हजारांवर पेशंट त्यांनी गाठले. घरी जाऊन महिना झाल्यावर चौकशी केली, की उपचार चालू आहेत का. उपचार नाकारलेले किंवा सोडून दिलेले ८४३ जण निघाले. त्यांचे सरळ चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाशी काही संपर्क ठेवायचा नाही. दुसऱ्या गटाला पत्र पाठवायचं.

आणि पत्रात काय? ऐका. 'तुम्ही इथून गेलात त्याला आता बरेच दिवस झाले. तुमचं ठीक चाललं असेल अशी आशा आहे. दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल.' बस, एवढंच. आपल्याकडे जुन्या पत्रांत सुरुवातीलाच यायचं, 'पत्रास कारण की'. इथे कारण नाहीच. औषध घेतलंत का, असं विचारलेलं नाही. पुढची तारीख नाही, उपदेश नाही. माणसाकडून काहीही मागितलेलं नाही.

दवाखान्यात ज्याने त्या पेशंटशी बोलणं केलं होतं, त्याच्याच सहीने पत्र जायचं. प्रत्येक पत्र वेगळं टाइप केलेलं, मजकूर आधीच्या पत्रापेक्षा वेगळा. पेशंटने मधे काही कळवलं असेल, तर पुढच्या पत्रात त्याला उत्तर. सोबत परतीचा पत्ता लिहिलेला लिफाफा असायचा, पण त्याला तिकीट लावलेलं नसायचं. मला हे फार आवडतं. तिकीट लावलं असतं तर 'उत्तर द्याच' असा दाब आला असता. तेवढाही दाब त्यांना नको होता. सुरुवातीचे चार महिने दर महिन्याला एक पत्र, मग आठ महिने दर दोन महिन्यांनी, आणि मग पुढची चार वर्षं दर तीन महिन्यांनी. पाच वर्षांत एका माणसाला चोवीस पत्रं.

लोकांनी उत्तरं लिहिली. घरच्यांनी हाकलून दिलेल्या एकाने कळवलं, की तुमच्या या छोट्या चिठ्ठ्यांचं मोल तुम्हाला कळणार नाही, माझं काय होतंय याची कुणाला तरी फिकीर आहे असं वाटतं. दुसऱ्या एकाने डॉक्टरांना चक्क शिवी हासडली. तुमच्याइतका चिवट माणूस मी बघितला नाही, म्हणाला, म्हणजे तुम्हाला माझी खरंच काळजी असणार.

आणि निकाल? पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्या गटातल्या आत्महत्या दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होत्या. हे ते लोक, ज्यांना कसलेच उपचार चालू नव्हते. पुढे पत्रं विरळ झाली, मग थांबली, तसा फरकही ओसरत गेला. पंधरा वर्षांचा हिशेब मांडून मोटो यांनी आपल्या सहकाऱ्यासह तो २००१ साली प्रसिद्ध केला. नंतर इतर देशांत पोस्टकार्डं पाठवून, फोन करून असे प्रयोग झाले. सगळीकडे इतकं लख्ख यश आलं नाही, हेही खरं. पण चौकशी करत राहिल्याने कुणाचं वाईट झालं असं काही पुढे आलेलं नाही.

आपल्या देशातलं उदाहरणही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नई होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून इमर्जन्सी विभागात आलेले १,८६७ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांशी डिस्चार्जच्या वेळी तासभर बसून नीट बोलणं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोनवर किंवा घरी जाऊन चौकशी. दीड वर्षाने पाहिलं तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हजारामागे २२ जण आत्महत्येने गेले होते, आणि चौकशी झालेल्यांत हजारामागे २. याचा अहवाल २००८ साली आला.

आता आपल्याकडे काय होतं? पेशंट वाचतो. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवली जाते, पोलीस जबाब घेऊन जातात, घरचे खाली मान घालून बिल भरतात, आणि डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की विषय संपला. त्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, आणि नेमकं तेव्हाच कुणी विचारत नाही. पोलिसांच्या भीतीने कित्येक घरं डॉक्टरलाही 'चुकून झालं' असंच सांगतात. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असं आहे, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं. तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. खरं सांगितलं तरच डॉक्टरला नीट उपचार करता येतात.

आमच्या दवाखान्यात एक साधी वही आहे. नाव, फोन, पुढचा फोन कधी करायचा. घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिला फोन. मग आठवड्याने, मग महिन्याने. आमच्या सिस्टर करतात, आणि काय बोलायचं ते ठरलेलं आहे. 'तुमची आठवण आली म्हणून फोन केला. कसं चाललंय?' बिल, औषध, तपासणी यातलं काही आपण काढायचं नाही. त्यांनी काढलं तर बोलायचं. आशाताईंना हे आणखी सोपं जातं, त्यांचं घरोघरी जाणं असतंच. फक्त चार माणसांत विचारू नका. मला पोस्टकार्डाचं वेड आहे, आणि शाळेत मुलांना पत्रलेखन पाच मार्कांपुरतं न शिकवता खऱ्या माणसाला पत्र लिहायला लावावं असं माझं ठाम मत आहे. पण या कामाला पोस्टकार्ड नको. ते सगळा वाडा वाचतो. बंद पाकीट पाठवा.

औषधाच्या दुकानदारांना आणि डॉक्टर मित्रांना एक विनंती. अशा पेशंटला गोळ्या आठवड्यापुरत्याच द्या, आणि घरातल्या एका माणसाच्या ताब्यात द्या. घरात, शेतावर धोक्याचं जे काही असेल, ते काही दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवायला सांगा. त्या टोकाच्या घडीला हाताशी काही नसणं, यानेही जीव वाचतात. ती घडी टळते.

आणि आत्ता हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असे विचार येत असतील, तर टेलिमानसला फोन करा. नंबर आहे १४४१६. एक चार चार एक सहा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. घरच्या माणसासाठी तुम्हीही फोन करू शकता. कागद-पेन घेतलं असेल तर पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा.

नमस्कार.