लाकडं फोडण्यात गुंग माणूस : 'द जनरल'ची गंमत

[दृश्य : धावत्या इंजिनामागच्या डब्यात उभा राहून एक माणूस लाकडं फोडतोय.]

या माणसाचं सगळं लक्ष कुऱ्हाडीकडे आहे. त्याच्या पाठीमागे, पडदाभर, अमेरिकेतल्या यादवी युद्धातलं दक्षिणेकडच्या राज्यांचं अख्खं सैन्य माघार घेत पळतंय. याला पत्ता नाही. मग त्याच वाटेनं उत्तरेचं सैन्य चाल करून येतं. तरी याची कुऱ्हाड चालूच. मान वर करून बघतो तोवर स्वारी एकटीच शत्रूच्या मुलखात शिरलेली असते.

१९२६ सालचा हा मूकपट, 'द जनरल'. नायक बस्टर कीटन. क्लाइड ब्रुकमनच्या जोडीनं दिग्दर्शनही त्याचंच. चार्ली चॅप्लिन आपल्याकडे घराघरांत पोचला. कीटनचं नाव मात्र सिनेमावेड्यांपुरतंच राहिलं.

[दृश्य : बिग शँटी स्थानक, जुनं रेखाचित्र.]

गोष्टीचा पाया खरा आहे. त्याच यादवी युद्धात, १२ एप्रिल १८६२ रोजी, जेम्स अँड्र्यूज आणि त्याचे साथीदार साध्या कपड्यांत जॉर्जियातल्या बिग शँटीला आले. ही उत्तरेची माणसं. गाडी न्याहारीसाठी थांबली, उतारू खाली उतरले, आणि यांनी 'जनरल' नावाचं इंजिनच पळवलं! वाटेत तारायंत्राच्या तारा तोडायच्या, रूळ उखडायचे, पूल जाळायचे, असा बेत. पण त्याच गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर चिकाटीचा निघाला. आधी पायी, मग रुळांवरच्या ढकलगाडीनं, मग मिळेल त्या इंजिनानं त्यानं पाठलाग केला. शेवटी सगळे पकडले गेले. अँड्र्यूजसह आठ जणांना फाशी झाली.

यातून विनोदी चित्रपट काढायचा म्हणजे धाडसच. कीटननं गोष्ट पाठलाग करणाऱ्याच्या बाजूनं सांगितली, म्हणजे नायक दक्षिणेचा झाला. ज्या गुलामगिरीपायी ते युद्ध पेटलं, तिचा चित्रपटात उल्लेखही नाही. आज हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

[दृश्य : जॉनी इंजिन पुसतोय.]

जॉनी ग्रे इंजिन ड्रायव्हर. जीव दोघांवर : एक इंजिन, दुसरी अ‍ॅनाबेल. युद्ध सुरू होतं, हा भरतीला जातो आणि नापास होतो. ड्रायव्हर म्हणून तो जास्त कामाचा आहे, हे त्याला कोणी सांगतच नाही. अ‍ॅनाबेल समजते, हा भित्रा.

खिन्न होऊन तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर बसतो. इंजिन सुरू होतं. दांडा वर जातो, खाली येतो, त्याच्याबरोबर जॉनीही. तो इतका विचारात, की शेडमध्ये शिरेपर्यंत त्याला कळत नाही. दिसायला साधं. पण ड्रायव्हरनं वाफ जराशी जास्त सोडली असती, चाक जागच्या जागी गरकन फिरलं असतं, तर कीटनचं काही खरं नव्हतं.

त्याला 'दगडी चेहऱ्याचा' म्हणत. लहानपणी आईबापांबरोबर रंगमंचावर आपटाआपटीचे खेळ करताना त्याच्या लक्षात आलं होतं, आपण हसलो नाही की लोक जास्त हसतात. मला मात्र तो चेहरा दगडी वाटत नाही. कामात बुडालेल्या माणसाचा वाटतो. गॅरेजमध्ये गाडीखाली आडव्या पडलेल्या मेकॅनिकचा असतो, तसा. पुढ्यात अडचण आहे, ती सोडवायची आहे. रडायला, हसायला वेळ कुणाला आहे? प्रेक्षकाकडे तो दया मागत नाही, म्हणूनच हा विनोद शिळा झालेला नाही.

[दृश्य : इंजिनाच्या पुढच्या जाळीवर जॉनी, हातात रुळाखालचा लाकडी स्लीपर.]

हे पाहा. जॉनीचं इंजिन पळवणाऱ्या चोरांनी पाठलाग अडवायला रुळांवर लाकडी स्लीपर टाकलेत. जॉनी पाठलागाच्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय, एक भलामोठा स्लीपर कवटाळून. समोर दुसरा स्लीपर रुळावर आडवा. हातातला तो नेमका त्याच्या टोकावर आपटतो, आणि दोन्ही स्लीपर उडून बाजूला पडतात. नेम हुकला असता तर? मधे काटछाट नाही, माणूस आणि यंत्र एकाच चौकटीत.

किंवा इंजिनामागे जोडलेली ती तोफ. बत्ती देऊन जॉनी मागे फिरतो, आणि हादऱ्यांनी तोफेचं तोंड खाली येत येत थेट त्याच्यावरच रोखलं जातं. तो पळत इंजिनाच्या पुढच्या टोकाला जातो. ऐन वेळी रुळाला वळण येतं, इंजिन वळतं, गोळा सरळ जातो आणि चोरांच्या गाडीजवळ फुटतो. चोरांना वाटतं, काय नेमबाज आहे!

[दृश्य : जळता पूल.]

चित्रीकरण अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्हला झालं. लाकडावर चालणाऱ्या इंजिनांच्या ठिणग्यांनी रानात वणवे लागायचे आणि काम सोडून मंडळी आग विझवायला धावायची. तिथल्या नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, जवान दोन्ही सैन्यं झाले, गणवेश बदलून.

२३ जुलै १९२६ रोजी रो नदीवरचा पूल पेटवला आणि खरंखुरं इंजिन त्यावरून हाकलं. पूल कोसळला, इंजिन नदीत. पाहायला हजारो लोक जमले होते. या एका दृश्याचा खर्च ४२ हजार डॉलर सांगतात. ते लोखंड दुसऱ्या महायुद्धात भंगारात जाईपर्यंत नदीतच पडून होतं.

इतकं करूनही चित्रपट चालला नाही. समीक्षकांनी झोडपला, पैसे बुडाले. दोनच वर्षांत कीटन एमजीएम या बड्या चित्रपट कंपनीत पगारी नट झाला आणि त्याचं स्वातंत्र्य गेलं. १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत 'द जनरल' होता. कीटन १९६६ सालीच गेला होता.

आज हा चित्रपट इंटरनेटवर फुकट सापडतो. प्रती मात्र तऱ्हेतऱ्हेच्या, म्हणून स्वच्छ निवडा. प्रत्येकीला संगीत कुणी तरी नंतर जोडलंय, काही ठिकाणी अगदीच रटाळ. नाही आवडलं तर खुशाल आवाज बंद करा.