बावीतली समई

श्रोतेहो, नमस्कार. उत्तर कॅलिफोर्नियात १९६८ आणि १९६९ मध्ये पाच जणांचे खून करून वर्तमानपत्रांना सांकेतिक लिपीतील पत्रे पाठवणारा, स्वतःला ‘झोडियाक’ म्हणवणारा मारेकरी अजून सापडलेला नाही. आर्थर ली ॲलन या संशयितावरचा तीन भागांचा माहितीपट मी पाहिला, आणि तो संपला तेव्हा खुनी हाच, अशी माझी खात्री होऊन बसली होती. त्या खात्रीची मला भीती वाटली, कारण तसली खात्री मी आमच्या घरात पाहिली आहे.

मी लहान असताना, फोंडा तालुक्यातील आमच्या घरची पितळेची मोठी समई चवथीच्या आदल्या दिवशी नाहीशी झाली. चिंचेने घासलेली भांडी रात्रभर बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, कठड्यावर होती. आजी सकाळी म्हणाली, ‘तिन्हीसांजेला मागच्या बाजूने कुणीतरी गेले.’ दुपारपर्यंत तो ‘कुणीतरी’ आमचा नेहमीचा पाडेली, म्हणजे माडावरून नारळ पाडणारा, झाला; आरतीला जमलेल्या पाहुण्यांना सांगताना त्याच्या काखेत पंचा आला, आणि विसर्जनापर्यंत त्या पंच्यातून पितळ चमकू लागले. आजी खोटे बोलत नव्हती. श्रोतेहो, हे ध्यानात असू द्या, आजी खोटे बोलत नव्हती. सांगताना तिला ते खरोखरच दिसत होते. पाडेल्याला तोंडावर चोर कुणी म्हटले नाही, फक्त नारळ पाडायला दुसऱ्याला बोलावू लागले. मे महिन्यात बाव उपसली तेव्हा समई गाळातून निघाली. वडील त्याच दिवशी त्याच्या घरी गेले. त्याने बसायला पाट दिला, पाणी दिले. पण आमच्या माडांवर तो पुन्हा चढला नाही. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणे, ‘समई मिळाली खरी, पण त्याला जाताना मी पाहिले होते.’

ॲलन सज्जन मुळीच नव्हता. मुलावरील लैंगिक अत्याचारासाठी त्याने तुरुंगवास भोगला होता, आणि त्याच्याकडे झोडियाक याच नावाचे घड्याळ होते. ४ जुलै १९६९ च्या गोळीबारातून वाचलेल्या तरुणाने त्याचे छायाचित्र ओळखले, पण ते १९९१ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी. आपली न्यायालये ओळख परेड विनाविलंब घेण्याचा आग्रह धरतात, तो यासाठीच. झोडियाकने मारलेल्या टॅक्सीचालकाच्या टॅक्सीवरचे ठसे ॲलनशी जुळले नाहीत, हस्ताक्षर जुळले नाही, आणि २००२ मध्ये पत्रव्यवहारावरून मिळवलेला अपुरा डीएनएही जुळला नाही. पुन्हा सांगते: ठसे नाहीत, हस्ताक्षर नाही, डीएनए नाही. त्याच्यावर या खुनांचा आरोप कधीच ठेवला गेला नाही आणि १९९२ मध्ये तो वारला.

साक्षीदार बोलत असताना पाठीमागे वाद्ये वाजवूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्या सुरावटीने माझा निकाल पुराव्याआधीच लावून टाकला होता. लहानपणी ॲलनबरोबर सहलींना गेलेली भावंडे या माहितीपटात, अर्धशतक उलटल्यावर, ते दिवस आठवून सांगतात. दुसऱ्यांदा पाहताना मी आवाज बंद करून केवळ त्यांचे चेहरे पाहिले. समईविषयी बोलताना आजीचा चेहरा असाच होत असे.