काळा दगड, तांबडा चिरा, काळी माती

(दृश्य : घाटात कापलेली दरड. कॅमेरा एका गोल गोट्यावर.)

हा गोटा नखानं सोलता येतो. एक पापुद्रा सुटला की खाली दुसरा, त्याखाली तिसरा, अगदी कांद्यासारखा. गाभ्यात मात्र हातोडीलाही दाद न देणारा बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा.

मुरणारं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि दगडातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून नेतं. किती नेलं, हे मोजायचं कसं? जे गेलं ते गेलं. संशोधक मग टायटॅनियमचा माग काढतात, कारण ते सहसा जागचं हलत नाही. बासुंदी आटवताना साखर तेवढीच राहते, पण गोडी वाढते, तसंच. ताज्या दगडापेक्षा मुरमात टायटॅनियमचं प्रमाण दुप्पट भरलं, तर वजनानं निम्मा दगड वाहून गेला.

(दृश्य : रत्नागिरीजवळचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. चिऱ्यांची खाण.)

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. इथं सिलिकाही, म्हणजे वाळूत असते तीच, दगडातून धुऊन जाते. मागं राहतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. हाच जांभा. त्यातली लोखंडाची तांबेर आर्सेनिक, फॉस्फेट धरून ठेवते. पण ही पकड प्राणवायू असेपर्यंतच. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात नदीच्या गाळातल्या कणांवर अशाच लोखंडाचा लेप होता. गाळात कुजणाऱ्या पालापाचोळ्यानं प्राणवायू संपवला, जिवाणूंनी लोखंड विरघळवलं, आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक कूपनलिकांच्या पाण्यात उतरलं. कुठल्याही कारखान्याशिवाय.

(दृश्य : मराठवाडा, मे महिना. नांगरट न झालेलं रान.)

घाटापलीकडे दगड तोच, पाऊस मात्र सात-आठशे मिलिमीटर. धुऊन न्यायला पाणी अपुरं. सिलिका, मॅग्नेशियम मागं राहून फुगणारी, आकसणारी चिकणमाती तयार होते. कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन खाली बसतं. या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे धनभाराचे शिसं, कॅडमियम तिला चिकटतात. नायट्रेटवरही ऋणभारच, त्याला ती धरत नाही. युरियातलं नत्र असं विहिरीत पोचतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची आपल्याकडची मर्यादा.

खरी गोम मात्र भेगांमध्ये आहे. पुस्तकातल्या आकृतीत पाणी थराथरानं मुरतं. इथं भेगेत कोपरापर्यंत हात जातो!

(दृश्य : खड्ड्याची उभी भिंत, काळ्या मातीत निळे पट्टे.)

रानात निळा रंग मिसळलेलं पाणी सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी खड्डा खणायचा. पद्धत साधी, पण भिंत बघण्यासारखी. सगळी माती काळीच. रंग फक्त भेगेच्या कडांनी सरळ मुरमापर्यंत उतरलेला. वळवाचं पाणी असंच जातं. त्यातलं कीटकनाशक एरवी मातीनं धरलंही असतं, पण त्याची मातीशी गाठच पडत नाही.

(दृश्य : त्याच रानात जुलैची झड.)

चार सरी झाल्या की माती फुगते, भेगा मिटतात. तेच पाणी आता रानात तुंबून राहतं आणि शेतकरी चर काढून ते बांधाबाहेर सोडतो. विहिरीच्या पाण्याची बाटली मेअखेरीस भरली की आत्ता, एवढ्यानंही प्रयोगशाळेतला आकडा बदलू शकतो.