‘विचारून सांगते’ : कल्ट ओळखायचा कसा?

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं बारसं होतं. मी मावशीला फोन केला. म्हटलं, "रविवारी सकाळीच ये, घुगऱ्या तुझ्या हातच्या हव्यात." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "विचारून सांगते रे."

कुणाला विचारून? काका जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला असतो. मावशी बँकेतून रिटायर झालेली, उभं आयुष्य लोकांचे हिशेब तपासलेली बाई. आता बारशाला जायचं की नाही हे ती तिच्या महाराजांच्या गटातल्या ताईंना विचारते, आणि त्या ताई म्हणे अजून वर विचारतात.

नमस्कार मंडळी. आज कल्टबद्दल बोलू, म्हणजे माणसाचं सगळं आयुष्य ताब्यात घेणाऱ्या गटांबद्दल. मराठीत पंथ हा शब्द आहे, पण तो मी मुद्दाम वापरत नाहीये. वारकरी पंथ आहे, महानुभाव पंथ आहे, त्यांना या ओळीत कशाला बसवायचं? माळ घातलेला माणूस एखाद्या वर्षी वारीला गेला नाही, तर त्याच्या दारात जाब विचारायला कुणी येत नाही. आजचा सगळा विषय या जाब विचारण्याचा आहे.

उदाहरण घेऊ जोन्सटाउनचं. हे नाव ऐकलं की आपल्याला वाटतं, कुठले तरी वेडे लोक जंगलात जाऊन विष प्यायले. पण सुरुवात बघा. १९५०च्या दशकातलं अमेरिकेतलं इंडियानापोलिस शहर. काळे आणि गोरे एका बाकावर बसत नव्हते, त्या काळात जिम जोन्स नावाचा एक तरुण धर्मोपदेशक दोघांना एकाच सभागृहात बसवत होता. भुकेल्यांना जेवण, म्हाताऱ्यांसाठी आश्रम. पुढे त्याचं हे ‘पीपल्स टेंपल’ कॅलिफोर्नियात गेलं. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी त्याला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमलं. पुढारी त्याच्या कार्यक्रमांना यायचे. तुम्ही-मी तिथे असतो तर देणगीची पावती फाडली असती, खरं सांगतो.

म्हणून "ते मानतात काय?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. जोन्स तर पुढे पुढे भर सभेत बायबल जमिनीवर फेकायचा आणि समाजवादावर बोलायचा. लोक तरी बसून राहायचे. त्यापेक्षा आत काय चालायचं ते बघा. तो भर सभेत कॅन्सर ‘बाहेर काढायचा’. रुग्णाच्या अंगातून निघालेली गाठ म्हणून जे दाखवायचे, ते कोंबडीच्या काळीज-आतड्याचे कुजके तुकडे असायचे. ते तुकडे कुणीतरी आणत होतं, रुमालात गुंडाळत होतं. म्हणजे हे खोटं आहे हे आतल्या काही जणांना पक्कं माहीत होतं. पण काम एवढं चांगलं चाललंय, तर एवढं चालायचंच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. माझ्या मते पहिली खूण हीच. चांगल्या कामासाठी एक छोटं खोटं पचवायला सांगतात, आणि ते पचवलं की तुम्हीही त्यात सामील.

दुसरी गोष्ट कागदाची. सभासदांकडून कोऱ्या कागदावर सह्या घ्यायचे. न केलेल्या गुन्ह्यांचे कबुलीजबाब लिहून घ्यायचे, पोटच्या पोरांशी वाईट वागलो इथपर्यंत. निष्ठेची परीक्षा म्हणून लोक लिहूनही द्यायचे. घर, पगार, पेन्शन हळूहळू संस्थेकडे. आता अशा माणसाला बाहेर पडायचं असेल तर तो जाणार कुठे? खिशात पैसा नाही, आणि त्याच्या सहीचा कागद त्यांच्या कपाटात.

१९७७ मध्ये शेकडो लोक दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात, जोन्सटाउनला गेले. पोचल्या पोचल्या पासपोर्ट काढून घेतले. पत्रं वाचूनच आत-बाहेर जायची. लाउडस्पीकरवर तासन् तास जोन्सचा आवाज. मध्येच रात्री सगळ्यांना उठवायचे, शत्रू आलेत म्हणून. एकदा तर विष आहे सांगून सगळ्यांना पेय प्यायला लावलं, आणि नंतर सांगितलं, परीक्षा होती.

नातेवाइकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा लिओ रायन हे अमेरिकन खासदार चौकशीला गेले. १७ नोव्हेंबर १९७८ची रात्र. गाणी-बिणी झाली. रायन माइकवर म्हणाले की इथल्या काही जणांना ही जागा आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की थांबेचना. त्याच रात्री एका माणसाने पाहुण्यांपैकी एका पत्रकाराच्या हाती चिठ्ठी सरकवली: आम्हाला इथून बाहेर काढा. ते एका लहान मुलाने पाहिलं आणि तो ओरडला, याने चिठ्ठी दिली! लहान पोर. त्याला कुणी पहाऱ्यावर ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंधराएक जण रायन यांच्याबरोबर निघाले. नऊशेंतले पंधरा. पण विमानतळावर गोळीबार झाला, रायन धरून पाच जण गेले. संध्याकाळपर्यंत जोन्सटाउनमध्ये ९०९ मृतदेह. राजधानी जॉर्जटाउनमध्ये गेलेले चौघं धरून एकूण आकडा ९१८. त्यात तीनशेहून जास्त मुलं होती.

शेवटच्या सभेची सुमारे पाऊण तासाची टेप आहे. त्यात एक बाई उभी राहून विरोध करते. रशियाला का जाऊ नये, मुलांना जगू का देऊ नये, असं विचारते. जोन्स तिच्याशी बोलत राहतो. तिला गप्प बसवतात ते शेजारचे लोक. इंग्रजीत आंधळेपणाने मागे जाणाऱ्याला ‘कूल-एड प्यायला’ म्हणून हसतात, मला ते कधीच आवडलं नाही. एक तर विष कालवलेलं ते सरबत ‘कूल-एड’ या ब्रँडचं नव्हतंच, ‘फ्लेवर-एड’ होतं. आणि सभोवती बंदूकवाले उभे असताना, तोंडात सिरिंजने विष सोडलेली तान्ही पोरं कशाच्या मागे आंधळी झाली होती?

आता आपल्या घरी. मावशीचं काही जोन्सटाउन झालेलं नाही, उगाच घाबरवत नाही. पण मी काय बघतो ते सांगतो. सोडून गेलेल्यांबद्दल तिथे कसं बोलतात? मावशीकडे त्यांना ‘घसरलेले’ म्हणतात, आणि त्यांचा फोन उचलायचा नसतो. शंका विचारली की उत्तर मिळतं, की "तुझी साधना कमी पडतेय" असं ऐकावं लागतं? एफडी मोडली का, मोडली तर पावती कुणाच्या नावाची? डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत ना? आणि सगळ्यात साधं: "या रविवारी नाही जमणार" एवढं वाक्य ती तिथे बोलू शकते का?

आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवतो म्हणून मारहाण, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, अशा गोष्टींना तो लागू होतो आणि तिथे तो जरूर वापरा. पण सज्ञान बाई स्वतःहून परवानगी मागत असेल, तर पोलीस तरी काय लिहून घेणार?

मी एक चूक केली. बारशाच्या त्या फोनवर मी तिच्या महाराजांना भोंदू म्हणालो. तिने फोन ठेवला, आणि चार महिने उचलला नाही. तिला तिथे सांगितलेलंच असतं की घरचे असंच बोलणार. मी ते खरं करून दाखवलं.

बारशाला ती आली नाही. आता मी दर रविवारी फोन करतो, महाराजांचा विषय काढत नाही. घुगऱ्यांना हरभरे किती तास भिजवायचे, ते विचारतो. मला माहीत आहे ते. ती तरी दर वेळी सांगते, आणि ते सांगताना कुणाला विचारत नाही.